‘प्रिन्स’ आजही धावतो. आजचे गेम २०५० मध्ये कोण खेळू शकेल?

१९८९ मध्ये आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा कॉम्प्युटर गेम आज कुठल्याही साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात सुरू होतो. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम मात्र पूर्ण पैसे मोजून विकत घेतलेल्यांनाही आज सुरू करता येत नाही. मार्च २०२४ अखेरीस कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि घराघरांतल्या डिस्क निकामी झाल्या. योगायोग असा की ‘द क्रू’ काढणारी युबीसॉफ्ट हीच कंपनी २००३ पासून ‘प्रिन्स’ मालिकेतले नवे गेमही काढत आली आहे. ३५ वर्षांहून जुना गेम जिवंत आणि १० वर्षांचा गेम मृत, हे उलटे गणित समजून घ्यायला हवे. आपल्या घरातल्या मुलांना मोठेपणी त्यांच्या लहानपणाचे काय हाती लागणार, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

क्लासमधला ‘प्रिन्स’

ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षे नव्वदच्या दशकात गेली, त्यांना या गेमची ओळख करून द्यायची गरज नाही. कॉम्प्युटर तेव्हा घरात नसे, क्लासमध्ये असे. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या गार खोलीत शिरायचे, एका मशीनवर दोघांनी बसायचे. ‘डॉस’च्या आज्ञा घोकून झाल्या आणि सर पलीकडच्या खोलीत गेले, की कुणीतरी खिशातून फ्लॉपी काढे. मग ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स’. एक जण बाण चालवी, दुसरा शिफ्टचे बटण सांभाळी आणि मागे तीन-चार जण उभे राहून सल्ले देत. सल्ले बहुतेक चुकीचे असत.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात कथा. सुलतान युद्धावर गेलेला आहे. त्याचा वजीर जाफर राज्य बळकावून बसला आहे आणि राजकन्येला त्याने एक तासाची मुदत दिली आहे: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरातल्या तुरुंगात आहे. (तो खरे तर राजपुत्र नाहीच, परदेशातून आलेला मुशाफिर आहे. आपण सगळे मात्र त्याला ‘प्रिन्स’च म्हणत आलो.) त्याला १२ लेव्हल पार करून, साठ मिनिटांच्या आत वरच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचायचे आहे. साठ मिनिटे म्हणजे घड्याळातली खरी साठ मिनिटे. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण गेलेला वेळ परत मिळत नाही.

गेल्या महिन्यात हा गेम मी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. आठवणींच्या गोडव्यात जुन्या गोष्टी उगाच मोठ्या वाटतात, हे ठाऊक असल्यामुळे शक्य तितक्या कोरड्या नजरेने पाहिले. तरीही सांगतो: गेम चांगला आहे. ‘त्या काळाच्या मानाने’ ही पुस्ती जोडायची गरज नाही.

पुन्हा खेळताना काय दिसते?

पहिली गोष्ट म्हणजे त्याचे धावणे. हा राजपुत्र बटण दाबताक्षणी उडी मारत नाही. तो आधी झुकतो, पाय रोवतो, मग झेपावतो. धावता धावता थांबायचे म्हटले तर दोन पावले घसरत जातो. म्हणजे त्याला वजन आहे. आजच्या मुलांना हे सुरुवातीला ‘लॅग’ वाटते. घरातल्या एका चौदा वर्षांच्या खेळाडूने तसे स्पष्ट सांगितले. पण दहा मिनिटांत तिच्या लक्षात आले की बटण आधी दाबायचे असते, कड्याच्या टोकावर पोहोचण्यापूर्वी. उडी मारण्याआधी उडीचा विचार करायला लावणारा हा गेम आहे.

हे धावणे खरे आहे, कारण ते एका खऱ्या मुलाचे आहे. गेम बनवणारा जॉर्डन मेकनर येल विद्यापीठात शिकत असतानाच ‘कराटेका’ (१९८४) या गेममुळे नावारूपाला आला होता. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावले आणि त्याचे व्हिडीओ चित्रण केले. मग एकेक चौकट थांबवून, तिचे फोटो काढून, त्यावरून ठिपक्याठिपक्यांनी चित्रे तयार केली. तलवारबाजीसाठी भाऊ पुरेसा नव्हता. ती घेतली १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या एरॉल फ्लिनच्या द्वंद्वावरून. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, दिले. एका घरात बनलेला गेम म्हणतात तो असा.

दुसरी गोष्ट म्हणजे सावली. माझ्या मते गेममधला हा सर्वांत सुंदर भाग, आणि तो जागा पुरत नव्हती म्हणून जन्माला आला. मेकनर ज्या ‘ॲपल-२’ यंत्रावर काम करत होता त्याची मेमरी होती १२८ किलोबाइट. आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो तो साधा फोटोही अनेकदा याहून मोठा असतो. राजपुत्राच्या हालचालींनीच ती जागा जवळपास भरून गेली होती. त्यात आणखी एक तगडा शत्रू बसवायला जागा नव्हती. मग युक्ती निघाली. राजपुत्राचेच चित्र एक ठिपका बाजूला सरकवायचे आणि मूळ चित्रावर असे टाकायचे, की दोन्ही चित्रे जिथे सारखी तिथे अंधार आणि जिथे वेगळी तिथे प्रकाश. पडद्यावर उमटली एक थरथरती, भुतासारखी आकृती. नवे चित्र न काढता नवा शत्रू मिळाला, तोही राजपुत्रासारखाच धावणारा आणि उड्या मारणारा.

चौथ्या लेव्हलला वाट अडवून एक आरसा उभा राहतो. धावत जाऊन त्यात उडी मारली की दुसऱ्या बाजूने सावली बाहेर पडते आणि आपली ताकद एका त्रिकोणावर येते. पुढच्या लेव्हलला ती आपल्या डोळ्यांदेखत औषधाची मोठी बाटली पिऊन टाकते. सहाव्यात आपण झेप घेतो तेव्हा नेमके फाटक बंद करते. चीड येते. आणि बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम आपल्यालाच होते. ही लढाई मारून जिंकता येत नाही. खालच्या बाणाचे बटण दाबून तलवार म्यान करायची. सावलीही म्यान करते. दोघे एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात. नव्वदच्या दशकात क्लासमध्ये हे कुणी पहिल्यांदा शोधून काढले तेव्हा त्याला काही दिवस सरांपेक्षा जास्त मान होता.

सगळेच जमले आहे असे नाही. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा मरत नाही, त्याला खाली ढकलावे लागते, आणि याचा सुगावा गेम अजिबात देत नाही. गेम सेव्ह करण्याची सोयही तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच. ‘पर्शिया’ ही हॉलीवूडच्या अरबी कथांमधली पर्शिया आहे; इराणशी तिचा संबंध नावापुरता. राजकन्या तर पूर्ण वेळ वाळूच्या घड्याळाकडे पाहत बसते. आठव्या लेव्हलला अडकलेल्या राजपुत्राच्या मदतीला ती एक उंदीर पाठवते, तेवढाच तिचा पराक्रम. सोळा वर्षांच्या वयात हे खटकले नव्हते, आता खटकते. पण जुना गेम पुन्हा खेळायचा तो यासाठीच. तेव्हा आपल्याला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे समोर जसेच्या तसे ठेवलेले असते. फक्त आठवणीवर विसंबलो असतो तर उंदीर हमखास विसरलो असतो.

एवढा जुना गेम टिकला कसा?

मालकांनी जपला म्हणून टिकला, असे म्हणता येत नाही. १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने तो ‘ॲपल-२’ साठी बाजारात आणला तेव्हा ते यंत्र मरणपंथाला लागले होते आणि अमेरिकेत सुरुवातीची विक्री यथातथाच होती. १९९० मध्ये ‘डॉस’ची आवृत्ती आली, मग इतर यंत्रांसाठी आवृत्त्या निघत गेल्या आणि गेम जगभर पसरला. १९९८ मध्ये ब्रॉडरबंड दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. अशा उलाढालीत जुन्या गेमचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या ओळी, कुठल्या कपाटात आहे याची फिकीर कोण करणार?

‘प्रिन्स’चा मूळ कोड खुद्द मेकनरलाही सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका कपाटात जुना खोका मिळाला. त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या होत्या. वीस-बावीस वर्षे पडून राहिलेल्या फ्लॉपीवरचे चुंबकीय अंश विरत जातात, त्यामुळे त्या वाचता येतील याची खात्री नव्हती. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी काळजीपूर्वक त्या वाचल्या, आणि एप्रिल २०१२ मध्ये मेकनरने तो सगळा कोड इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला. खोका रद्दीत गेला असता तर हा कोड कायमचा गेला असता.

हा झाला ‘ॲपल-२’चा मूळ कोड. आपण खेळलो ती ‘डॉस’ची आवृत्ती मात्र दुसऱ्याच कारणाने वाचली: ती लाखो लोकांकडे होती. एका फ्लॉपीत मावणारा गेम, कॉपी करायला एक ओळीची आज्ञा पुरे. एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये, मामेभावाकडून आपल्याकडे, असा तो फिरत राहिला. यात कायदा मोडला जात होता, हे खरेच. मूळ डॉस गेममध्ये त्यासाठी पहाराही होता: पहिली लेव्हल संपली की अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली लागे आणि छापील पुस्तिकेत पाहून योग्य अक्षराची बाटली प्यावी लागे. पुस्तिका नाही तर पुढे रस्ता नाही. आपल्याकडे आलेल्या बहुतेक प्रतींमधून ही अडचण कुणीतरी आधीच काढून टाकलेली असे. मूळ खोका त्या काळात आपल्या गावातल्या दुकानात मिळतच नव्हता, हेही तितकेच खरे.

चोरट्या प्रतींचे समर्थन करण्यासाठी हे सांगत नाही. मुद्दा वेगळा आहे. गेम चालायला लागणारे सगळे काही त्या एका फ्लॉपीत होते. ना लॉगिन, ना सर्व्हर, ना अपडेट. म्हणून पुढे हौशी प्रोग्रामरांना डॉसच्या त्या आवृत्तीची चिरफाड करून तिचे काम जसेच्या तसे उलगडता आले आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालणारा ‘प्रिन्स’ तयार करता आला. इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २,४०० गेम ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. त्यात ‘प्रिन्स’ होता.

याउलट बाजारातली अवस्था पाहा. अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. म्हणजे ज्यांना कायदा पाळून जुने गेम खेळायचे आहेत, त्यांच्यासाठी दहापैकी जवळपास नऊ दुकाने बंद.

मग आजचा गेम का टिकणार नाही?

आपल्या फोनमध्ये असतो तो गेमचा अर्धा भाग. चित्रे, आवाज, बोटांच्या हालचाली फोन सांभाळतो. पण तुमचे खाते, समोरचे खेळाडू, कुणाची गोळी कुणाला लागली याचा निवाडा, विकत घेतलेले कपडे आणि बंदुका, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर असते. सर्व्हरशी बोलणे झाले नाही तर फोनमधला अर्धा भाग लॉगिनच्या पडद्यापुढे जात नाही. शिवाय दर काही आठवड्यांनी अपडेट येतो आणि जुनी आवृत्ती चालेनाशी होते. म्हणजे गेम ‘चालू’ असला तरी दोन वर्षांपूर्वी तुम्ही खेळत होता तो गेम आज नसतोच.

आपल्याकडे याचे उदाहरण घरोघरी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुले कुठे भेटत होती? ‘पब्जी’मध्ये. शाळा बंद, मैदान बंद, सोसायटीच्या गेटला कुलूप. रात्री चौघांनी मिळून विमानातून उडी मारायची आणि हेडफोनवर गप्पा मारायच्या. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पब्जी मोबाइल’ होता. ३० ऑक्टोबरला त्याचे भारतातले सर्व्हर बंद झाले. बंदी योग्य की अयोग्य हा इथे विषय नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे निकष वेगळे असतात. पुढे तो ‘बीजीएमआय’ म्हणून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. पण त्या सहा महिन्यांत ती मुले खेळत होती तो गेम, ते नकाशे त्या रूपात, आज कुणाच्याही फोनमध्ये नाही आणि पुन्हा येणार नाही. यूट्यूबवर चित्रण आहे. पण क्रिकेटची हायलाइट्स पाहणे आणि क्रिकेट खेळणे यातला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पालकांपैकी काही जण म्हणतील, बरेच झाले, गेली ब्याद. त्यांची चीड समजते. पण ब्याद होती ती अंतहीनपणाची. रोज हजेरी लावली तर बक्षीस, आठवडा चुकला तर नुकसान, हंगाम संपला की नवा हंगाम. ‘प्रिन्स’ साठ मिनिटांत संपत असे, तुम्ही जिंका किंवा हरा. आजचे बरेच लोकप्रिय गेम खेळाडूला संपवू देत नाहीत, आणि एके दिवशी कंपनी ते स्वतः संपवते. दोन्ही वेळा निर्णय खेळणाऱ्याचा नसतो.

‘द क्रू’चे प्रकरण म्हणूनच मोठे झाले. तो फुकटचा ऑनलाइन गेम नव्हता. डिस्क विकत घेऊन एकट्याने मोटार चालवत अमेरिका पालथी घालता येईल असा गेम होता. तरीही एकट्याने खेळायला सर्व्हरशी जोडणी लागे. सर्व्हर बंद होताच सगळेच गेले, आणि नंतर अनेकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही काढून घेतला गेला. रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघाकडे केलेल्या नागरिक याचिकेवर जुलै २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

मागणी अवाजवी नाही. गेम कायम चालवत ठेवा, असे कुणी म्हणत नाही. बंद करताना तो सर्व्हरशिवाय निदान काही प्रमाणात चालेल अशा अवस्थेत सोडा, एवढेच. कंपन्यांच्या संघटनेचे म्हणणे असे, की खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर चालवले तर माहितीची सुरक्षितता आणि आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी कोण घेणार, आणि मुळात ऑनलाइनच बांधलेल्या गेमला हे बंधन घातले तर खर्च परवडणार नाही. यातला दुसरा मुद्दा काही गेमना लागू पडतो. शंभर जण एकाच वेळी लढतात असा गेम एकट्याने खेळता येईल असा करणे सोपे नाही. पण एकट्याने खेळायच्या गेमबाबत हे कारण टिकत नाही. ‘द क्रू’वरून गदारोळ झाल्यावर युबीसॉफ्टनेच त्याच्या पुढच्या भागाला, ‘द क्रू २’ला, ऑफलाइन खेळण्याची सोय जाहीर केली आणि दिलीही. म्हणजे तंत्र अडत नव्हते.

कायदा काय म्हणतो?

आपण ‘बाय’चे बटण दाबतो तेव्हा बहुधा गेम विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. आपल्याकडे हे अटी-शर्तींच्या त्या लांबलचक पानात असते, जे कुणी वाचत नाही.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत ‘प्रिन्स’ आणि कादंबरी एकाच कपाटात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क कायम राहतो. ज्याने प्रोग्राम रीतसर घेतला आहे, त्याला तो खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत करून ठेवायची मुभा कलम ५२ देते. चांगली गोष्ट. पण ज्या गेमचा अर्धा भाग परक्या सर्व्हरवर आहे त्याची राखीव प्रत करणार कशी?

याच कलमात ग्रंथालयांसाठी २०१२ मध्ये एक तरतूद आली. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. अट अशी, की त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीच असावी. जुन्या पुस्तकांसाठी अट ठीक आहे. गेमची ‘डिजिटल नसलेली’ प्रत म्हणजे काय? अशी प्रत जगात कुठेच नसते. कायदा करणाऱ्यांनी गेमला मुद्दाम वगळले असे वाटत नाही; ते डोळ्यांसमोर नव्हतेच.

१९५४ च्या एका कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. मुंबईत ही पुस्तके टाऊन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे येतात. त्यामुळे कुणी न वाचलेला कवितासंग्रहही शंभर वर्षांनी सापडण्याची शक्यता राहते. लाखो लोकांनी खेळलेल्या गेमसाठी अशी जागा नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. जतन हा त्याचा विषय नव्हता. अमेरिकेतही फार बरे चित्र नाही. संशोधकांना ग्रंथालयातले जुने गेम घरबसल्या पाहता यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. लोक मजेसाठी खेळतील, ही उद्योगाची भीती. कादंबरीसुद्धा लोक मजेसाठी वाचतात, आणि त्या कारणाने कुठले ग्रंथालय बंद केल्याचे ऐकिवात नाही.

पुण्यात हे होऊ शकते

‘खेळच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करण्याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात निघालेल्या शेकडो चित्रपटांपैकी फारच थोडे हाती लागले. तेव्हाही सिनेमा म्हणजे तमाशा, करमणूक, पोरांना बिघडवणारी वस्तू, असेच मत होते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले तोवर बहुतेक नुकसान होऊन गेले होते. पुढे पी. के. नायर यांनी देशभर फिरून, कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या माळ्यावरून जे गोळा केले, तेवढ्यावर आपला चित्रपटाचा इतिहास उभा आहे.

गेमच्या बाबतीत आपण अजून १९६४ पूर्वीच्या काळात आहोत. फरक एवढाच की यंत्रे आणि माणसे अजून हयात आहेत. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात कॉम्प्युटर क्लासेसनी, हौशी प्रोग्रामरांनी, शैक्षणिक सीडी काढणाऱ्या छोट्या दुकानांनी जे बनवले ते माळ्यावरच्या खोक्यांत असेल. मराठी बाराखडीचे खेळ, म्हणींची कोडी, पाढ्यांचे प्रोग्राम. फ्लॉपी आणि घरी लिहिलेली सीडी या दोन्ही अल्पायुषी वस्तू आहेत. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग आणि त्यासंबंधीच्या उद्योगांसाठी धोरण मंजूर केले. गेम बनवायला सरकार जागा आणि सवलती देणार असेल, तर सवलत घेणाऱ्या कंपनीने गेमची एक चालू शकणारी प्रत आणि सर्व्हरचा कोड पुण्याच्या संग्रहालयात बंद पाकिटात ठेवावा, आणि गेम बाजारातून उठला की पाकीट उघडावे, अशी एक अट घालायला फार खर्च येणार नाही. ग्रंथालयांच्या त्या तरतुदीतली ‘डिजिटल नसलेल्या’ प्रतीची अट तर दोन ओळींच्या दुरुस्तीने निघू शकते.

माळ्यावर जुन्या फ्लॉप्या असतील तर त्या ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवाव्यात आणि शक्य तितक्या लवकर वाचून घ्याव्यात. यूएसबीला जोडायचे साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतात. मोठ्या, वाकणाऱ्या सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी मात्र जुने यंत्र आणि ते चालवणारा जाणकार शोधावा लागेल. आणि ज्यांना या सुट्टीत मुलांसोबत ‘प्रिन्स’ खेळायचा आहे, त्यांनी तो मोबाइलच्या पडद्यावर खेळण्याच्या फंदात पडू नये. बोटांनी तो नीट जमत नाही. की-बोर्ड हवा. स्पेस दाबली की उरलेला वेळ दिसतो, एस्केप दाबली की घड्याळ थांबते. जेवायला हाक आली तर एस्केप.